शिकणाऱ्याला पैसे कोण देतं?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रक काढलं: ज्युनिअर वकिलाला शहरात महिन्याला किमान 20,000 रुपये आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. आमच्या पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या ग्रुपवर ते पत्रक अजूनही अधूनमधून वर येतं आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. कारण ही शिफारस आहे, सक्ती नाही. परवा ग्रुपवरच्या एका नव्या मुलीने मला थेट विचारलं, "ताई, तिकडे लंडनमध्ये शिकाऊ बॅरिस्टरला खरंच पैसे देतात, की तेही असंच कागदावर?"

देतात. आणि या विषयावर मी जरा जास्तच बोलणार आहे, आधीच सांगते.

शिवाजीनगर कोर्टात सिनिअरांकडे होते तेव्हा वकीलपत्र लावणं, नकलांचे अर्ज, तारीख मागणं, झेरॉक्सवाल्याशी भांडणं, सगळं केलं. पाकीट मिळायचं दिवाळीला, मिठाईच्या खोक्यावर ठेवून. एरवी मिळायचं ते एक वाक्य: "आमच्या वेळी तर आम्ही सिनिअरच्या घरची भाजीसुद्धा आणायचो." स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे बाबांकडून घ्यायचे आणि नातेवाइकांना सांगायचं, प्रॅक्टिस चालू आहे.

इथे लंडनमध्ये बार कोर्स झाला, इनने (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेने) 'कॉल' केलं, म्हणजे बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली, तरी वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, केल्याशिवाय पूर्ण प्रॅक्टिस करता येत नाही. पहिले सहा महिने नुसतं सुपरवायझरच्या मागे बसायचं, त्यांच्यासाठी मसुदे लिहायचे, ते लाल होऊन परत घ्यायचे. पुढचे सहा महिने स्वतःच्या पायावर, कोर्टातही. मोजके अपवाद सोडले तर बिनपैशाची प्युपिलेज 2003 पासून बंद आहे. किमान रक्कम बार स्टँडर्ड्स बोर्ड ही बॅरिस्टरांची नियामक संस्था ठरवते, आणि कमर्शियल कामाची बडी चेंबर्स, म्हणजे बॅरिस्टरांची सामायिक कार्यालयं, तर चांगली मुलं पळवायला वर्षाला पाऊण लाख पौंडांच्याही वर जातात. (माझं चेंबर्स त्यातलं नाही. आई, हिशेब करू नकोस.)

पण हे काही इंग्रजांच्या दानतीमुळे झालेलं नाही. एका प्युपिलने किमान वेतन कायद्याखाली दावा लावला होता, एडमंड्स विरुद्ध लॉसन. हायकोर्टात ती जिंकली. 2000 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने निकाल फिरवला: करार आहे, पण तो अप्रेंटिसचा नाही, म्हणून किमान वेतन नाही. म्हणजे बॅरिस्टरांबद्दलचा निकाल बॅरिस्टरांनी युक्तिवाद करून, पूर्वी बॅरिस्टर असलेल्या न्यायाधीशांसमोर मिळवला. सक्तीचा नियम बारने स्वतः केला तो त्यानंतर. नोकरीविषयक कायद्याच्या पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने हा निकाल वाचायला दिला, तेव्हा शिवाजीनगरची फार आठवण आली.

पैशाचं हे दुखणं जुनं आहे. माझं इन ग्रेज इन, बाबासाहेब आंबेडकर 1922 मध्ये इथूनच बॅरिस्टर झाले. पण 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. 1920 मध्ये साठवलेले पैसे, मित्राकडून उसने आणि शाहू महाराजांची मदत, अशी जुळवाजुळव करून ते पुन्हा आले. इनच्या हॉलमध्ये जेवताना हे मी शेजारच्याला हमखास सांगते. त्याने विचारलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे सनद मिळाली की दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहता येतं. इथे दार अरुंद आहे. बार कोर्सची फी पंधरा हजार पौंडांच्या आसपास किंवा वर, आणि कोर्स करणाऱ्यांच्या मानाने प्युपिलेजच्या जागा फारच कमी. पाच वर्षांत जागा मिळाली नाही तर कोर्स शिळा होतो. माझ्याबरोबरच्या हुशार मुलांनी प्युपिलेजआधी कोर्टात तोंडही उघडलेलं नव्हतं. मी पुण्यात फुकट का होईना, साक्षीदार तपासले होते, न्यायाधीशांची बोलणी खाल्ली होती. मुलाखतीत तेच कामी आलं. सिनिअरांना याचं श्रेय द्यायला हवं, देते.

कायद्यातही प्रत्येक वेळी आपणच मागे असतो असं नाही. माझ्या कामात 'एम्प्लॉयमेंट' आणि 'कमर्शियल' जोडीने का येतात, हे मला सतत विचारतात. समजा एक ब्रोकर राजीनामा देऊन स्पर्धकाकडे निघाला आणि ग्राहकांची यादीही घेऊन गेला. जुनी कंपनी हायकोर्टात मनाई हुकूम मागते, कारण करारात सहा महिने स्पर्धा करायची नाही असं कलम असतं. इथे ते कलम वाजवी असेल तर टिकतं, आणि 'वाजवी' म्हणजे काय यावर शेकडो पानं लढली जातात. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी सरळ निरर्थक ठरवतं. माणसाला पोट भरू द्या, विषय संपला. हे मी चेंबर्समध्ये सांगितलं तर एकजण म्हणाला, "मग तुमच्याकडे आमचं पोट कसं भरणार?"

प्युपिलेजच्या दुसऱ्या सहामाहीत क्रॉयडनच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या न्यायाधिकरणात, एका हॉटेल कामगाराच्या थकलेल्या सुट्टीच्या पगारासाठी उभी राहिले. तिथे विग नाही, गाऊन नाही. न्यायाधीश बाई सरळ म्हणाल्या, "मिस, कुठलं पान?" मी पगाराच्या चिठ्ठ्यांचं पान सांगितलं. वर्षाला 5.6 आठवड्यांची भरपगारी रजा हा त्याचा हक्क, हे मी ठणकावून मांडलं. आम्ही जिंकलो. मला स्वतःला मात्र एक दिवसाचीही भरपगारी रजा नाही. बॅरिस्टर स्वयंरोजगारित. चेंबर्स हा मालक नव्हे, उलट कमाईतला हिस्सा मीच त्याला देते. आजारी पडले तर कमाई शून्य, आणि मला काम देणारे सॉलिसिटर फी पाठवायला किती महिने लावतील याचा नेम नाही. फीचा पाठपुरावा चेंबर्सचे क्लार्क करतात, तेवढं सुख.

त्या मुलीला मी लिहिलं: सनद आणि थोडी प्रॅक्टिस असेल तर इथे बॅरिस्टर व्हायचा वेगळा मार्ग आहे, काही पेपर माफ होतात, बाकीच्यांची परीक्षा द्यावी लागते. पण आधी ते 20,000 वालं पत्रक तुझ्या सिनिअरांच्या टेबलावर ठेव. तिचं उत्तर आलं, "ताई, तुम्ही ठेवलं असतंत?" माझ्या वेळी पत्रक नव्हतं, असं मी लिहिलं. ते खरंच आहे.