आठवीतल्या मुलाचं बीपी 148

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मुलांची तपासणी चालू होती. आठवीतला, 14 वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत आला. हातात आधीच्या शिबिरातली चिठ्ठी: बीपी 148/92. त्या आकड्याच्या धास्तीने घरच्यांनी त्याची कबड्डी बंद केली होती. वडिलांचा जीव टांगणीला लागलेला. "डॉक्टरसाहेब, खातापिता घरना पोऱ्या शे, याले बीपी कसं काय व्हयनं?"

पट्टा कसा बांधला होता, असं विचारलं. पोरगा म्हणाला, "सारखा सुटत होता." तिथेच शंका आली.

खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर टेप लावला. दंडाचा घेर 30 सेंटिमीटर भरला. लहान मुलांचा म्हणून जो कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, मिळतो, तो साधारण 16 ते 21 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. कफ वयावरून नव्हे, दंडावरून निवडायचा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी घेराच्या निदान 40 टक्के हवी आणि लांबी 80 ते 100 टक्के. पिशवी तोकडी पडली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा चढतो. अंगाने भरलेल्या मुलांच्या वाट्याला ही चूक जास्त येते.

मोठ्यांचा कफ काढला. मुलाला लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसवलं. उजवा हात छातीच्या पातळीत टेबलावर. हवा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर इतक्याच वेगाने सोडली. आकडे आले 132/80, 126/76, 124/76. पहिला सोडून सरासरी 125/76.

पण हे नॉर्मलही नव्हे. 13 वर्षांपुढे 120 ते 129 आणि खालचा 80 च्या आत म्हणजे वाढीव बीपी. 130/80 पासून उच्च रक्तदाब, तोही तीन वेगवेगळ्या भेटींत तसाच आला तर. (13 च्या आतल्या मुलांना वय, लिंग आणि उंचीचा तक्ता लागतो.) 148 कागदावर लिहिला गेलेला असल्याने दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, जांघेतली नाडी पाहिली आणि लघवीची तपासणी लिहून दिली; या वयात मूत्रपिंडाचा आजार सुटता कामा नये.

उंची 158, वजन 68. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 27 च्या वर; म्हणजे लठ्ठ गटात. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजली: 88. ती उंचीच्या निम्म्याच्या, इथे 79 च्या, आत हवी. पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनचं काम अडतं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं. हे मोजमाप वर्गासमोर कधीच करू नये. मूल तपासणीला येणंच सोडतं.

म्हणजे ज्या मुलाला खेळाची सगळ्यांत जास्त गरज, त्याचाच खेळ बंद झाला होता. याचा मला फार त्रास झाला.

वडिलांना म्हटलं, "भाऊ, कबड्डी उद्यापासून सुरू." या वयाला रोज 60 मिनिटं दम लागेल असा खेळ हवा; तुकड्यातुकड्याने झाला तरी चालतो. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम. अशा मुलाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या की गुडघे दुखतात आणि तो मागे पडून हिरमुसतो. कबड्डीत, रस्सीखेचीत त्याचं वजन कामाला येतं, म्हणून तो टिकतो. आपल्याकडे मार्चपासून पारा चढतो, तेव्हा खेळ सकाळी किंवा ऊन उतरल्यावरच, आणि सोबत पाण्याची बाटली. जेवणात पापड आणि लोणचं रोज नको, शेवभाजी कधीतरी.

वजन उतरवायची घाई नको, हेही सांगितलं. उंची अजून वाढायची आहे. वजन आहे तिथे रोखलं तरी बीएमआय खाली येतो. आणि वजनकाटा हलला नाही तरी नियमित खेळाने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरू लागतं.

दोन आठवड्यांनी त्याच कफने 122/74 आलं. लघवी स्वच्छ. औषध दिलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरलं. नव्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी कफचा आकार लिहिला, आणि खेळाच्या शिक्षकांसाठी वेगळी ओळ: "याला खेळू द्यावं."