दोन गिगाबिट कार्डं आणि एकच रूळ

अमळनेरला आमच्याकडे एक गिगाबिटचा फायबर आला, तेव्हा माळ्यावरचा जुना कोअर टू ड्युओ कॉम्प्युटर खाली उतरवला. त्यालाच राउटर करायचं ठरवलं. त्याच्या मदरबोर्डावर दोन पीसीआय स्लॉट होते, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचा. जळगावहून दोन सेकंडहँड गिगाबिट नेटवर्क कार्डं आणली, बसवली, लिनक्स टाकलं. स्पीड टेस्ट चारशे मेगाबिटच्या पुढे जाईना. वर कोणी अपलोड सुरू केलं की डाउनलोड आणखी खाली.

मोठा भाऊ म्हणे, "तू त्या नेटवालाले फोन कर ना!" केला. त्या बिचाऱ्याने लाइन तपासून दिली, लाइन चोख. मग केबल बदलली, स्विच बदलला, दोन रात्री घालवल्या. प्रोसेसर मात्र निम्मा रिकामा बसलेला. तिथंच डोक्यात उजेड पडायला हवा होता.

कागदावर मांडलं तेव्हा कळलं. साधा पीसीआय म्हणजे 32 बिट, 33 मेगाहर्ट्झ: सेकंदाला 133 मेगाबाइट, म्हणजे साधारण 1064 मेगाबिट. ऐकायला गिगाबिटच. पण ही बस, म्हणजे कार्डं आणि मेमरी यांच्यातला डेटाचा रस्ता, सगळ्या स्लॉटांची सामाईक, आणि एका वेळी एकाच दिशेने चालते. आमची सुरत-जळगाव लाइन दुहेरी व्हायच्या आधी क्रॉसिंगला गाडी उभी राहायची, तसंच. त्यात राउटरचं पॅकेट बसवरून दोनदा जातं: एका कार्डातून मेमरीत, मग मेमरीतून दुसऱ्या कार्डात. म्हणजे हाती उरले 532, त्यातून बसची देवघेव वजा. चारशे येतात हेच नशीब.

गंमत म्हणजे ग्राफिक कार्डाची लांब खाच रिकामीच होती. ती पीसीआय एक्सप्रेसची. तिथं प्रत्येक लेनला, म्हणजे डेटाच्या स्वतंत्र मार्गाला, पहिल्या पिढीतही 250 मेगाबाइट, तेही जायला वेगळे आणि यायला वेगळे. चार लेनचं दोन पोर्टवालं जुनं सर्व्हर कार्ड मिळालं, ते तिथं बसवलं. 940 मिळाले. गिगाबिटवर हेडर, म्हणजे पॅकेटवरचा पत्ता, वगैरे जाऊन एवढेच मिळतात. काही बोर्ड त्या खाचेत ग्राफिकशिवाय दुसरं काही ओळखत नाहीत; माझ्या बोर्डाने ओळखलं.

खाचेच्या लांबीवर मात्र जाऊ नका. सोळा लेनची दिसते आणि आत चारच जोडलेल्या असतात, असे बोर्ड भरपूर आहेत. कार्ड लावल्यावर लिनक्सच्या एलएसपीसीआय (lspci) कमांडला तपशील विचारा, किती लेन खरंच जुळल्या ते दिसतं. एका लेनच्या खाचेत चार पोर्टचं कार्ड घ्यायचा मोह मलाही झाला होता. दुसऱ्या पिढीच्या एका लेनला 500 मेगाबाइट, चार गिगाबिट पोर्टांनाही बरोबर 500. कागदावर जुळतं, पण बसचा स्वतःचा खर्च कुठून काढणार?

ती दोन पीसीआय कार्डं अजून ड्रॉवरमध्ये आहेत. भाऊ विचारतो, विकायची का? घेणाऱ्याला हे सगळं सांगावं लागेल, म्हणून राहिलीत.