ऐतखाऊच्या पुलापर्यंत

"बाबा, डिसेंबरात इथे येऊन काय बघणार तुम्ही? ट्यूलिप एप्रिलमध्ये असतात," लेक फोनवर म्हणाली. मी म्हटलं, मला ट्यूलिप नकोत, कारकून बघायचेत. ती क्षणभर गप्प झाली. निवृत्तीनंतर बाबांचं जरा वेगळंच काहीतरी चाललंय, असं तिने त्या रात्री जावयांना सांगितलं असणार.

झालं होतं असं. चौतीस वर्षं फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली आणि तेवढीच वर्षं डोंबिवली लोकलमध्ये वाचत काढली. निवृत्त झाल्यावर लेकीने एक बारीकसं इंग्रजी पुस्तक पाठवलं. नेस्कियो नावाच्या डच लेखकाच्या गोष्टी, शंभरेक वर्षांपूर्वीच्या. लेखकाची माहिती वाचली आणि मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. खरं नाव यान हेंड्रिक फ्रेडरिक ग्रोनलो, जन्म १८८२, नोकरी अ‍ॅमस्टरडॅममधल्या हॉलंड-बॉम्बे ट्रेडिंग कंपनीत. पुढे तो त्याच कंपनीचा संचालक झाला. 'नेस्कियो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मला माहीत नाही'. धंद्यातल्या माणसाने गोष्टी लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून घेतलेलं टोपणनाव. आमच्या मुंबईशी व्यापार करणाऱ्या कचेरीत दिवसभर पत्रव्यवहार पाहायचा आणि संध्याकाळी कचेरीला लाथ मारणाऱ्या पोरांच्या गोष्टी लिहायच्या! मी या माणसाच्या प्रेमातच पडलो. त्यानंतरचं दीड वर्ष डच कादंबऱ्यांत गेलं. मला डच येत नाही, त्यामुळे पुढची सगळी मतं इंग्रजी भाषांतरांवर उभी आहेत, हे आधीच सांगतो.

त्यातली पहिली गोष्ट १९११ सालची. तिच्या नावाचा शब्दशः अर्थ 'खाऊन फस्त करणारा'. मराठीत त्याला तयार शब्द आहे, ऐतखाऊ. यापी नावाचा हा इसम मित्रांचे चिरूट ओढतो, त्यांचे कोट घालतो, त्यांच्या पैशाने जेवतो आणि समुद्राकडे नाहीतर नदीकडे तासन् तास बघत बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, मी काहीच नाही आणि काहीच करत नाही. गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात निवेदक सांगतो की यापीपेक्षा विचित्र माणूस त्याने एकच पाहिला, सारफातीस्ट्रात ही युरोपातली सगळ्यात सुंदर जागा आहे असं मानणारा. त्या दुसऱ्या माणसाबद्दल पुढे एक अक्षर नाही. त्यामुळे अ‍ॅमस्टलवीनला लेकीकडे पोचलो, झोपेचं गणित जुळवलं आणि तिसऱ्या दिवशी पहिली ट्रॅम पकडली ती सारफातीस्ट्रातसाठी.

ही युरोपातली सुंदर जागा नाही. अ‍ॅमस्टरडॅममधलीसुद्धा नाही. रुंद, सरळ रस्ता, मधून ट्रॅमचे रूळ, दोन्ही बाजूंना चारपाच मजली विटकरी इमारती. आता तो सायकलींचा रस्ता केला आहे, लाल डांबराचा, मोटारींनी सायकलच्या मागे निमूट चालायचं. पण आम्स्टल नदीवरच्या होखेस्लाउस पुलावर तो येतो तेव्हा एकदम आभाळ उघडतं. सकाळचे साडेआठ झाले तरी पुरतं उजाडलं नव्हतं. पाण्यावर शिशासारखा रंग, आणि पुलावरून कामाला निघालेल्या सायकलींची न तुटणारी रांग. एका बाईच्या पुढच्या पेटीत दोन पोरं आणि त्यांच्यावर पावसासाठी पारदर्शक छत. एक माणूस एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पाव खात होता. सव्वानऊचं मस्टर गाठायला निघालेला मीच तो, फक्त लोकलच्या जागी सायकल. तिथे अर्धा तास उभा राहिलो. कोपऱ्यावर कॉफी घेतली, सोबत एक बिस्किट आलं. एकच. या देशात कॉफीबरोबर एकच बिस्किट का मिळतं यावर वेगळा लेख लिहिता येईल.

डिसेंबरचा हट्ट धरला तो मात्र खेरार्ड रेव याच्या 'संध्याकाळी' या कादंबरीपायी. मूळ डच पुस्तक १९४७ चं, तेव्हा लेखक अवघा तेवीस वर्षांचा. इंग्रजीत यायला २०१६ उजाडलं. १९४६ च्या डिसेंबरमधले शेवटचे दहा दिवस, दहा प्रकरणं. फ्रित्स फान एख्टर्स हा तरुण आईवडिलांबरोबर राहतो, कचेरीतून घरी येतो, आणि संध्याकाळ कशी ढकलायची हा त्याच्यापुढचा प्रश्न. बस, एवढंच घडतं. वडील जेवताना आवाज करतात, शेगडी विझते, फ्रित्स मित्रांच्या डोक्यावर टक्कल कुठवर आलंय ते मोजतो. युद्ध दीड वर्षापूर्वी संपलेलं, पण त्याबद्दल कुणी धड बोलत नाही. पहिली साठ पानं मी कंटाळलो. मग फ्रित्सला कुणीतरी विचारतं, तू कचेरीत काय करतोस? तो म्हणतो, मी पेटीतून कार्डं काढतो, काढून झाली की परत आत ठेवतो. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्याने हसलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं, तर सांगता येईना. आवक-जावकच्या टेबलावर मी सहा वर्षं काढली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत माझ्या नोकरीचं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी आई मोठ्या हौसेने वाइनची बाटली आणते आणि ती निघते बेरी आणि सफरचंदाच्या रसाची. तिला लेबल वाचताना कळलंच नाही. मुलगा काही बोलत नाही. या प्रसंगात जे आहे ते मला अख्ख्या युद्धकादंबऱ्यांत सापडलेलं नाही. ज्या घरावरून हे घर बेतलं ते शहराच्या दक्षिणेला योझेफ इस्राएल्सकाडे या कालव्याकाठच्या रस्त्यावर. तिथे संध्याकाळी पाचला गेलो तर मिट्ट काळोख. डच लोक पडदे लावत नाहीत ही ऐकीव गोष्ट खरी निघाली. प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा, जेवणाचं टेबल, टीव्हीचा निळा उजेड. टक लावून बघणं शोभत नाही हे कळत होतं, तरी बघितलं. कोपऱ्यावरच्या गाडीवर तळलेले ओलिबोलन घेतले, बेदाणे घातलेले, वर पिठीसाखर. चव आपल्या गुलगुल्यांच्या जवळची, फक्त वेलची नाही.

शुक्रवारी स्पाउ चौकात जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्या फाउंटनच्या फुटपाथवर जसा आनंद व्हायचा तसाच झाला, फरक इतकाच की इथले विक्रेते भाव करू देत नाहीत. तिथे विलेम एल्सखॉटची 'चीज' इंग्रजीत मिळाली. लेखक अँटवर्पचा, म्हणजे बेल्जियमचा. पुस्तक १९३३ चं, भाषा डच, म्हणून माझ्या यादीत बसवतो. लार्मन्स नावाचा जहाजबांधणी कंपनीतला कारकून नोकरीतून आजारपणाची रजा काढून चीजचा व्यापारी व्हायला निघतो. त्याच्या नावावर वीस टन एडम चीज येऊन पडतं, दहा हजार लाल गोळे. आणि हा गृहस्थ काय करतो? कंपनीचं नाव ठरवतो, लेटरहेड छापतो, टेबल आणि टाइपरायटर शोधत हिंडतो. चीज विकायचं तेवढं राहून जातं. त्यात त्याला चीज आवडतही नाही. वैद्यकीय दाखला आणून जोडधंदा करणारे तीन सहकारी मी नावानिशी सांगू शकेन, पण सांगत नाही. दोन संध्याकाळींत वाचून होणारं हे पुस्तक. डच वाचायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी हेच हातात देईन.

मुल्तातुलीला टाळून चालत नाही. खरं नाव एडुआर्ड डाउवेस डेकर, जावा बेटावर लेबाक इथे डच सरकारचा अधिकारी. स्थानिक सरदार रयतेला पिळतात आणि आपलं सरकार तिकडे डोळेझाक करतं, हे वरिष्ठांना कळवलं आणि १८५६ मध्ये नोकरी सोडावी लागली. १८६० मध्ये 'माक्स हावेलार' ही त्याची कादंबरी आली. जावाच्या शेतकऱ्यावर सरकारसाठी कॉफी पिकवायची सक्ती होती, त्या पद्धतीवरचं हे सगळ्यात गाजलेलं पुस्तक. मोठेपण मान्य, पण मधली शंभर पानं भाषणबाजी आहे आणि मी ती दोन स्टेशनांत एक प्रकरण या वेगाने उडवली. सैजाच्या म्हशीची गोष्ट मात्र उडवता येत नाही. सरदाराची माणसं म्हैस नेतात, बाप दुसरी आणतो, तीही नेतात. माझ्या आजोळी सावकाराने बैल सोडून नेल्याची गोष्ट आजी अशाच सपाट आवाजात सांगायची. आणि खरी कमाल आहे ती द्रोखस्टॉपेल या कॉफी दलालाची. जावाची ही सगळी करुण कहाणी या कोरड्या, धार्मिक, खोटं कधी न बोलणाऱ्या माणसाच्या घरात कागदाच्या गठ्ठ्यातून उलगडते, आणि त्याला त्यात फक्त कॉफीच्या भावाची चिंता.

पहिल्याच वाक्यात तो आपला पत्ता देतो, लॉरियरग्राख्त, नंबर ३७. पावसात छत्री उलटी होत असताना मी नंबर मोजत गेलो. दार होतं तसं दार, बाहेर दोन सायकली साखळीने बांधलेल्या. तिथून दहा-बारा मिनिटांवर सिंगल कालव्यावरच्या टोरेन्स्लाउस पुलावर मुल्तातुलीचा मोठा अर्धपुतळा आहे, १९८७ चा. खाली टेबलं मांडून लोक बिअर पीत बसले होते, डिसेंबरात, उघड्यावर! घरी परतताना दुकानात कॉफीच्या पाकिटावर 'माक्स हावेलार' छापलेलं दिसलं. शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या मालावरचा हा शिक्का नेदरलँड्समध्ये १९८८ मध्ये सुरू झाला. द्रोखस्टॉपेलने त्यातही दलाली काढली असती.

फोस्कॉइलची 'कचेरी' ही सात खंडांची कादंबरी १९९६ ते २००० दरम्यान आली, पाच हजारांवर पानं, सगळी एका लोकसंस्कृती संशोधन संस्थेत घडणारी. ती मला इंग्रजीत मिळाली नाही. जावयांच्या शेजारच्या आजोबांनी सातही खंड वाचलेले. त्यांनी कॉफीवर (एक बिस्किट) त्यातलं एक काम समजावून सांगितलं. घोडी व्याल्यावर पडणारी वार शेतकरी कुठे टांगतात आणि कुठे पुरतात, याचा देशभराचा नकाशा करायचा. माणूस तीस वर्षं असल्या नकाशांवर घालवतो. "मग शेवटी त्या नकाशांचं काय होतं?" मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही नोकरी केलीय ना? लेखकाने खरोखर अशाच संस्थेत आयुष्य घालवलं. ती संस्था तेव्हा कैझरग्राख्तवर होती. इमारतीसमोर मी पाच मिनिटं उभा होतो, एवढंच.

अलीकडचं काही वाचलं नाही असं नाही. २०२० चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेली रायनेफेल्डची गायीगुरांच्या घरातली कादंबरी वाचली. लिहिण्याची ताकद जबरदस्त, पण मुलांच्या वाट्याला इतका किळसवाणा काळोख देण्याची गरज मला पटली नाही. लेकीचं मत नेमकं उलटं आहे. या विषयावर आमचं जेवताना भांडण झालं आणि जावई भांडी घासायला उठले.

हार्लेमला गेलो ते हारी म्यूलिशच्या 'हल्ला'साठी. अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने जेमतेम वीस मिनिटं. १९४५ चा जानेवारी, एका ओळीत चार घरं, आत एक कुटुंब दिव्याभोवती ल्युडो खेळतंय. बाहेर गोळ्या सुटतात. जर्मनांना फितूर झालेल्या पोलिसाचं प्रेत शेजारच्या दारात पडतं आणि शेजारी ते ओढून यांच्या दारात टाकतात. पुढची छत्तीस वर्षं यातून बचावलेला मुलगा 'आमच्याच दारात का' याचं उत्तर तुकड्यातुकड्याने मिळवतो. रचना घड्याळासारखी चोख. थोडी जास्तच चोख. रेवची फसलेली वाइन माझ्याबरोबर घरी आली, म्यूलिशचं कोडं सुटलं आणि तिथेच राहिलं. डच ल्युडोच्या नावाचा अर्थ मात्र लेकीने सांगितला तो आवडला, 'माणसा, चिडू नकोस'. खेळ मूळचा आपल्या पचीसीचाच.

एकोणतीस तारखेला नाइमेखनला गेलो. दीड तासाचा प्रवास, आर्न्हेमच्या अलीकडे सपाट देशाला चक्क थोडा चढ लागतो. नेस्कियोचा यापी शेवटी इथेच येतो. उन्हाळ्यातल्या एका पहाटे साडेचारला, सूर्य छान वर येत असताना, तो वाल नदीच्या पुलावरून पाण्यात जातो. पहारेकऱ्याला तो म्हणतो, उगाच धावपळ करू नकोस. आणि पहारेकरी नंतर सांगतो की ती उडी नव्हती, तो फक्त पाऊल टाकून उतरला, ईशान्येकडे तोंड करून. गावात विचारलं तर सगळे वालब्रुख या मोठ्या कमानीच्या पुलाकडे बोट दाखवतात. पण तो पूल १९३६ चा आणि गोष्ट १९११ ची. तेव्हा इथे होता तो १८७९ चा रेल्वेपूल. त्या रेल्वेपुलाला २००४ मध्ये सायकलींसाठी एक पट्टी जोडली, तिचं नाव 'स्नेलबिंडर', सायकलच्या कॅरियरवर सामान बांधायच्या रबरी पट्ट्याला इथे हेच म्हणतात. ती पट्टी नेमकी पूर्वेच्या बाजूला आहे.

मी पोचलो तेव्हाही साडेचारच वाजले होते, दुपारचे. सूर्य माझ्या पाठीमागे, रुळांच्या पलीकडे, मावळत होता. समोर ईशान्येला आधीच काळोख दाटलेला आणि खाली नदी माझ्या अंदाजापेक्षा फार रुंद, फार वेगाने वाहणारी. मालाने भरलेली एक लांबलचक बोट प्रवाहाविरुद्ध इतकी हळू चालली होती की ती हलते आहे हे कळायला पुलाचा खांब धरून बघावं लागलं. पाठीमागून गाडी गेली, पूल थरथरला. उजळलेल्या खिडक्यांत घरी निघालेली माणसं दिसली, बहुतेक फोनमध्ये डोकं घालून, एक जण झोपलेला. मी चालायची बाजू सोडून सायकलींच्या वाटेत आलो होतो हे मला घंटी वाजेपर्यंत कळलं नाही. सायकलवरच्या मुलीने वळून काहीतरी म्हटलं. रागाने नसावं.

घड्याळ बघितलं. पाचच्या सुमाराची गाडी मिळण्यासारखी होती. कुणी कुठे वाट बघत नव्हतं, पुढचीही चालली असती, पण मी भराभर चालायला लागलो.