भंडारदऱ्याला बाबांच्या मशीनसह दोन रात्री, आणि पॉवर स्टेशन निवडताना काय पाहिलं

बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. गेली चार वर्षं ते रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावून झोपतात. मशीन विजेवर चालतं, त्यामुळे या चार वर्षांत त्यांचा मुक्काम एक तर घरी, नाही तर जनरेटर असलेल्या हॉटेलात. काजवे बघायला जाऊ या, हे ते दर मे महिन्यात म्हणायचे आणि दर जूनमध्ये विषय मागे पडायचा. यंदा मे संपता संपता आई, बाबा आणि मी भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री राहून आलो. ते शक्य झालं ५१२ वॉट-अवरच्या एका पॉवर स्टेशनमुळे, म्हणजे उपकरणं जोडता येतील अशी सॉकेटं असलेल्या, उचलून नेता येणाऱ्या बॅटरीच्या पेटीमुळे. ज्यांच्या घरात असं मशीन आहे आणि ज्यांनी त्यापायी बाहेर राहणं सोडून दिलंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

दुसरं कारण दापोलीजवळचं आमचं गावचं घर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत लाइट यायला तीन आठवडे लागले. एरवीही पावसाळ्याच्या तोंडाला फांदी तारेवर पडली की पाच-सहा तास गेलेच. म्हणजे वस्तू एकच हवी होती, पण तंबूतही चालेल आणि माजघरातही.

दुकानात मी आधी विचारत होते, "किती वॉटचं आहे?" हा प्रश्न अर्धाच आहे. एका वेळी किती जड उपकरण चालेल ते वॉट सांगतो. किती वेळ चालेल ते वॉट-अवर सांगतात, आणि ते आपल्याला लाइटबिलामुळे माहीत असतात. बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. माझं स्टेशन भरलेलं असतं तेव्हा त्यात साधारण अर्धं युनिट असतं. त्यातलंही सगळं हाती लागत नाही. बॅटरीतल्या डीसी विजेची २३० व्होल्ट एसी वीज, म्हणजे घरच्या सॉकेटातली वीज, करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, आणि काहीही न जोडता एसीचं बटण नुसतं चालू ठेवलं तरी दहाएक वॉट जात राहतात. लहान उपकरण रात्रभर चालवायचं असेल तर ही गळतीच सगळ्यात महाग पडते.

म्हणून निघण्याआधी घरी तीन रात्री रंगीत तालीम केली. पहिल्या रात्री मशीन नेहमीसारखं लावलं, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम नळीसकट. सात तासांनी बॅटरी ३८ टक्के उरली. दुसऱ्या रात्री डॉक्टरांना विचारून ह्युमिडिफायर बंद ठेवला, सकाळी ६९ टक्के. तिसऱ्या रात्री एसी पूर्ण बंद करून मशीनसाठी मिळणारा डीसी अडॅप्टर गाडीसारख्या १२ व्होल्टच्या सॉकेटला जोडला. सकाळी ८४ टक्के! स्टेशन तेच, मशीन तेच, झोपणारा माणूस तोच. मशीनचा डीसी अडॅप्टर मिळतो का ते आधी बघा. मिळत असेल तर तो घ्या आणि स्टेशन लहान घ्या. मोठ्या स्टेशनचे पैसे आणि वजन दोन्ही वाचतात.

दुसऱ्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. रात्री दीडच्या सुमाराला बाबा घाबरून उठले, मशीन बंद पडलेलं. बॅटरी भरपूर होती. स्टेशनमध्ये 'इको' नावाची सोय असते. जोडलेलं उपकरण फारच कमी वीज ओढत असेल तर काही वेळाने ती आउटपुट बंद करते. मोबाइलसाठी ठीक आहे, श्वासाच्या मशीनसाठी ती धोक्याची आहे. तेवढी बंद केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. हे तंबूत झालं असतं तर आम्ही त्याच रात्री पुण्याला परतलो असतो. घरी एक तरी पूर्ण रात्र चालवून बघितल्याशिवाय कोणीही निघू नका.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, मग अकोले-राजूरमार्गे भंडारदऱ्याचं शेंडी गाव. चहा-नाश्ता धरून सहा तास. मुंबईकरांना कसारा घाट, इगतपुरी, घोटीवरून सोपं. स्टेशन मागच्या सीटवर ठेवून गाडीच्या सॉकेटला लावलं होतं, डिस्प्लेवर ९६ वॉट दिसत होते. या सॉकेटातून साधारण शंभर वॉटच मिळतात, म्हणून घरून अर्धवट भरून निघालात तरी पाच तासांच्या रस्त्यात स्टेशन जवळपास भरतं. मात्र जेवायला थांबलात की वायर काढा, नाही तर गाडीची बॅटरी उतरते. आणि स्टेशन उन्हात बंद गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. आम्ही रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो तेव्हा ते कॅम्पवाल्या काकांच्या पडवीत ठेवलं होतं.

तंबू पाण्याच्या काठाला, समोर आर्थर लेक. काकूंनी चुलीवरची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा वाढला. अंधार पडल्यावर काका टॉर्च न लावता आम्हाला पायवाटेने घेऊन गेले. हिरडा, बेहडा, सादडा अशी मोठी झाडं होती. आधी चार-पाच ठिपके दिसले, आणि डोळे अंधाराला सरावले तसं अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. शेजारच्या झाडाची लय वेगळी. बाबा कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वाडीत रातांब्यावर असे बसायचे. आता नाही दिसत."

तेवढ्यात मागून एक गाडी आली, हेडलाइट पुरे लावलेले, आणि झाड विझलं. पुन्हा भरायला पंधरा-वीस मिनिटं गेली. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. आपल्या उजेडात ती हाक पोचत नाही आणि वर्षातले त्यांचे मोजके दिवस वाया जातात. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे. वनखात्याचे वेळेचे आणि गाड्यांचे नियम असतात, ते पाळाच. पण तंबूतल्या उजेडाकडे आपलं आपणच बघायला हवं. माझ्या स्टेशनला पुढे मोठा पांढरा दिवा आहे, तो दोन्ही रात्री एकदाही लावला नाही. डिस्प्लेही डोळ्यांवर येण्याइतका प्रखर होता. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, एक कोपरा सुटा ठेवला, टक्के बघायला तेवढा उचलायचा. मशीनच्या छोट्या स्क्रीनवरही एक पट्टी. टॉवेल टाकून झाकू नका, बाजूच्या जाळ्यांतून हवा खेळती राहायला हवी. पुढच्या वेळी कोणी जाणार असेल तर टेपचं एक भेंडोळं सामानात नक्की टाका.

पहिल्या रात्री बाबा साडेसहा तास सलग झोपले. सकाळी टेपचा कोपरा उचलला, ८१ टक्के. त्यात दोन फोन आणि आईचा यूएसबी पंखाही होता. दिवसा घडीचं १०० वॉटचं सोलर पॅनल काढलं. भर दुपारी ७१ वॉट, ढग आला की १४, झाडाच्या सावलीत ४. पावसाळ्यात सह्याद्रीत सोलरच्या भरवशावर जाऊ नये. दिवाळीनंतर जाणार असाल तरच पॅनलचं ओझं घ्या. दुसऱ्या रात्री वळवाची जोरदार सर आली, तंबूच्या एका कोपऱ्यातून पाणी आत आलं. स्टेशन आम्ही आधीच काकूंकडून मागून घेतलेल्या पाटावर ठेवलं होतं, म्हणून वाचलं. यांपैकी बहुतेक स्टेशनं पाणी सोसत नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दापोलीला गेलो आणि त्याच संध्याकाळी लाइट गेले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आले. मशीन, राउटर, दोन एलईडी दिवे आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा एवढं रात्रभर निभावलं. बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास वॉट घेतो, जुना पंचाहत्तर. जुना असता तर पहाटेच सगळं थांबलं असतं. फ्रीज मात्र चालला नाही. आमचा फ्रीज जुना आहे, कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो. माझं स्टेशन सतत ५०० वॉट देतं, क्षणभर १०००. तीनदा लावून बघितला, तिन्ही वेळा 'ओव्हरलोड' येऊन बंद. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा नवा फ्रीज हळू सुरू होतो, तो बहुधा चालेल. फ्रीजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, त्यांना ३६५ ने भागा. २०० युनिटवाला फ्रीज दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा जरा जास्त खातो. विहिरीचा पंप, मिक्सर, गिझर, इंडक्शन शेगडी हे या आकारात विसरा.

फक्त घरासाठीच हवं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवरची) ट्युब्युलर बॅटरी घ्या. डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं, दोन माणसांशिवाय उचलत नाही, पण त्याच पैशात साठा कितीतरी जास्त. पॉवर स्टेशनचे जादा पैसे उचलून नेण्यासाठी असतात. माझं सात किलोचं आहे, आई एका हाताने नेते.

घेताना बॅटरीचा प्रकार विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, असेल तर दोन-तीन हजार वेळा भरली-उतरली तरी बऱ्यापैकी टिकते. जुन्या प्रकारची हलकी असते, पण पाचशे-आठशे वेळांत ढेपाळते. आउटपुट 'प्युअर साइन वेव्ह'च, म्हणजे घरच्या विजेसारखंच, हवं, नाही तर पंखा गुणगुणतो आणि नाजूक मशीनं बिघडतात. आपली तीन पिनांची जाड पिन सॉकेटात घट्ट बसते का, ते दुकानातच हलवून बघा. माझ्यासमोर एकाची पिन सैल निघाली. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, तेही विचारा. किमतीला वॉट-अवरने भागलं की दोन स्टेशनांची खरी तुलना होते. विमानाने जाणार असाल तर मात्र हे घरीच ठेवा, १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही.

गावाकडे एक प्रकार बघितला, तो कृपा करून कोणी करू नका. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून स्टेशनची वीज थेट घरच्या बोर्डात सोडायची. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेरच्या तारेवर जाते, आणि तिथे खांबावर कोणीतरी आपलेच लाइट दुरुस्त करत असतं. उपकरण थेट स्टेशनला जोडा, लांब पडत असेल तर चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या.

आता स्टेशन पुण्याच्या घरी कपाटात आहे, ६० टक्क्यांवर. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं ठेवायचं नसतं, आणि दर तीन महिन्यांनी बघायचं असतं. गणपतीला दापोलीला जाताना पुन्हा भरून नेणार आहे. बाबांनी पुढच्या मेचे दिवस काकांना आत्ताच सांगून ठेवलेत, यावेळी तीन रात्रींचे.