पहिला तोडा

वरुड तालुक्यातील आमच्या शेतात आज अंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याच्या, संत्र्यांचा पहिला तोडा झाला. सगळे शेत एकदम बागेखाली आणावे एवढे भांडवल आमच्याकडे कधीच नव्हते. त्यामुळे कापूस विकून जे हाती उरेल त्यातून एका वर्षी ठिबकच्या नळ्या, पुढच्या वर्षी एका तुकड्यात कलमे, त्यानंतर शेजारचा तुकडा, असे करत ही बाग उभी राहिली. संत्र्याच्या झाडाला फळ धरायला साधारण 5 ते 6 वर्षे लागतात आणि तोवर घर चालवावेच लागते, म्हणून 6 बाय 6 मीटरवर लावलेल्या झाडांच्या मधल्या पट्ट्यांत आम्ही सोयाबीन आणि हरभरा घेत राहिलो. माझ्या मते या आंतरपिकांनीच बाग तारली.

बुंध्याशी वाकून पाहिले की जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम केलेली जागा अजूनही ओळखू येते. बुंध्यातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाने झाड जाऊ नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी आई प्रत्येक बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचे निळसर बोर्डो मलम लावत आली आहे. आज भरलेले कॅरेट पाहून सर्वांनी फळांचे कौतुक केले. मला मात्र आईच्या त्या कामाचे मोल अधिक वाटते.

या पैशातून सगळे कर्ज फिटणार नाही, पण व्याजाचा भार हलका होईल आणि धाकट्या बहिणीची फी वेळेवर भरता येईल. विहिरीकडचा तुकडा अजून कपाशीखाली आहे. पुढच्या पावसाळ्यात तिथेही कलमे लावायची, असे बाबांनी आज ठरवले.