ह्यूस्टनचा घाम आणि कमरेचं पिस्तूल

ह्यूस्टनमध्ये माझं छोटं दुकान आहे. रात्री रोकड घेऊन एकट्यानं गाडीपर्यंत जावं लागतं, म्हणून टेक्ससचं हँडगन लायसन्स काढलं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे बहुतेक प्रौढांना लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण मला परीक्षा द्यायचीच होती. ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पास झालो, तेव्हा आमचे प्रशिक्षक, निवृत्त पोलीस, म्हणाले, "तुमची परीक्षा झाली, आता पिस्तुलाची घ्या."

ही दुसरी परीक्षा जास्त लांबली. माझं पिस्तूल ९ मिलिमीटरचं, कमरेला लपेल इतकं छोटं. छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, कमी अंतर जाते आणि झटक्यात परत येते. तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीच्या, स्प्रिंगनं पुढचं काडतूस वर ढकललं पाहिजे. म्हणून स्वस्त सरावाच्या गोळ्या बिनतक्रार सुटल्या यावर मी विसंबलो नाही. रोज जवळ बाळगायच्या पोकळ टोकाच्या गोळ्या महाग असतात, तरी त्याही प्रत्येक मॅगझिनमधून झाडून पाहिल्या. मॅगझिनांच्या तळाला रंगानं आकडे घातले.

त्या आकड्यांचा उपयोग उन्हाळ्यात झाला. नेमबाजीच्या रेंजवर स्लाइड मध्येच अडकू लागली, आणि दर वेळी मॅगझिन दोन नंबरचंच. उघडलं तर आत घामाची ओल, कपड्याचा भुसा आणि दमलेली स्प्रिंग. साफ करून नवी स्प्रिंग घातली, अडकणं थांबलं. आकडे नसते तर मी पिस्तुलालाच दोष देत बसलो असतो.

इथली दमट हवा लोखंडाला सोडत नाही. कोकणातली माणसं हे लगेच ओळखतील. उन्हाळ्यात रोज रात्री बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसतो आणि दर आठवड्याला उघडतो. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानंही तपासायचं. माझं पिस्तूल ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांसारखंच, सुटं करण्याआधी चाप ओढावा लागतो. आत एक काडतूस राहिलं तर तिथेच अनर्थ. तेल घासणाऱ्या जागी थेंबभर पुरतं. जास्त झालं की भुसा धरतं, आणि स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेची, वाट तर कोरडीच हवी.

चेंबरमधलं काडतूस काढून तेच पुन्हा पुन्हा भरलं, तर गोळी कवचात मागे दबत जाते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. मी ते नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची पाहतो. किंचित जरी बुटकं वाटलं तरी बाजूला काढतो.

घरी सराव रिकाम्या पिस्तुलानं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. शर्ट वर उचलणं, पिस्तूल काढणं, चाप हळू दाबणं. रेंजवर बायको माझ्या मॅगझिनमध्ये मधेच एखादं नकली काडतूस घालते, कुठे ते सांगत नाही. पिस्तूल गप्प झालं की मॅगझिनच्या तळाला थाप, स्लाइड मागे, पुन्हा नेम. पूर्वी मी क्षणभर थांबून विचार करायचो. आता हात आपसूक चालतो.

झाडलेल्या गोळ्यांची वही ठेवली आहे. स्लाइडची मुख्य स्प्रिंग तिच्या हिशेबानं या उन्हाळ्याआधी बदलायची आहे.