तुम्ही विचारलंत म्हणून : हे पाम इथं जगतात कसे?

"भाऊ, इथल्या उनात हे झाडं जगतेत कसे?" विहिरीजवळचे पाम पाहिले की येणारा माणूस हे विचारतोच. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा प्रश्न रास्त आहे.

पण माझी झाडं उन्हानं फारशी मेली नाहीत. मारते ती कोरडी हवा, आणि डिसेंबरातली एखादीच रात्र. लिकुआला हा गोल, चुणीदार पानांचा पाम वानुआतू बेटांवरच्या दमट जंगलातला. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा, थंडी कधी न पाहिलेला. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला, आमच्या शिवारातही हात आखडत होते. लिकुआला नंतर पंधरा दिवस हिरवागार दिसत होता. मग मधला न उघडलेला कोंब जरासा ओढला, तर हातातच आला. बुडाशी तपकिरी चिकटा आणि आंबूस वास. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते. पामाच्या खोडाला शेंड्याचा एकच कोंब, तो गेला की झाड गेलं. मला फार लागलं ते.

तेव्हापासून दिवाळी झाली की कोंबाभोवती कडबा बांधतो, वर गोणपाट. उन्हाळ्यात बुडाशी तुरीचं कुटार, पश्चिमेला हिरवी जाळी, सांजेला पानांवर पाणी. आणि काळ्या मातीत थेट लावत नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. मुरूम, रेती, शेणखत घालून गुडघाभर उंच ओटा करतो. नाल्यावरच्या शिंदीला यातलं काही लागत नाही, ती इथलीच.

"मंग शिंदीच लावा ना!" असंही म्हणतात. त्यांना मी बाटलीसारख्या फुगीर खोडाच्या पामाजवळ नेतो. हा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. माणसानं तिथं सोडलेल्या बकऱ्या-सशांनी रोपं खाऊन टाकली, आणि एके काळी मोठी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली. बकऱ्या १९७९ पर्यंत हटवल्या, ससे १९८६ मध्ये. नर्सरीत आज तो सहज मिळतो, पण ज्याचं घर असं उजाड झालं होतं ते झाड माझ्या बांधावर पाणी पितं, याचं मला अप्रूप आहे.

यंदा त्याला पहिल्यांदा तुरा आलाय, पानांच्या हिरव्या वेढ्याच्या अगदी खाली. बी धरलं तर रोपं करीन. हवं असेल तर सांगून ठेवा, ओटा मात्र आधी करून ठेवा.